रक्त रात्रीच का घेतात : हत्तीपाय आणि शरीरातल्या दोन प्रवाहांची पार्श्वभूमी

हत्तीरोगाची पाहणी करणारे आरोग्य कर्मचारी कामाला निघतात ते लोकांची जेवणे आटोपल्यावर. गोव्यात त्यांची पहिली धाव बहुधा बांधकामांवरच्या मजुरांच्या खोपट्यांकडे असते, त्यानंतर शहरांतल्या दाट वस्त्यांकडे. अर्धवट झोपेतल्या माणसाचे बोट कापसाने पुसायचे, टोचायचे, काचपट्टीवर वीस मायक्रोलिटर रक्त घ्यायचे आणि दुसऱ्या पट्टीच्या कडेने ते जाडसर पसरायचे. रात्रभर वाळलेली पट्टी सकाळी पाण्यात बुडवली की तांबड्या पेशी फुटून रंग उतरतो. मग जेएसबी नावाचे रंग चढवून ती सूक्ष्मदर्शकाखाली जाते. बहुतेक पट्ट्यांवर काहीच नसते. एखादीवर मात्र वळणदार, पातळ वेष्टनातली अळी दिसते. तिची लांबी पाव मिलिमीटरच्या आसपास आणि जाडी तांबड्या पेशीएवढी असते.

‘हेच दिवसा का करत नाही?’ हा झोपमोड झालेल्या माणसाचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर ‘जंतू रात्री बाहेर येतात’ एवढ्यावर संपत नाही. ही अळी जन्मते लसीकावाहिनीत, म्हणजे रक्तातून बाहेर झिरपलेला द्रव (लसीका, लिम्फ) परत नेणाऱ्या नळीत, आणि सापडते रक्तात. एका संस्थेतून दुसरीत ती कशी आली, दिवसा कुठे बसते आणि तिचे आईबाप जिथे राहतात तिथला पाय का सुजतो, हे समजायला दोन्ही प्रवाह एकत्र पाहावे लागतात. वैद्यकाच्या इतिहासात त्यांची जुळणी फार उशिरा झाली. हत्तीपायावर काय करायचे याबद्दल जो घोळ दीर्घकाळ चालला, त्यामागे हेही एक कारण आहे.

हृदयाचे चार कप्पे, धमन्या आणि शिरा हे शाळेत झालेले आहे, ते पुन्हा सांगत नाही. मुद्दा पुढचा आहे. केशवाहिन्यांच्या भिंती पाणी रोखून धरण्यासाठी नसतात. त्यांतून द्रव सतत बाहेर झिरपतो, पेशींना अन्न पोचवतो आणि त्यांचा कचरा उचलतो. प्रौढ माणसाच्या शरीरात रक्तद्रव असतो सुमारे तीन लिटर, आणि चोवीस तासांत बाहेर झिरपतो तो आताच्या अंदाजाने आठ लिटरच्या घरात. म्हणजे रक्तातले सगळे पाणी दिवसाला दोनदाहून अधिक वेळा बाहेर पडून परत येते. ते परत आले नाही तर काही तासांतच रक्त घट्ट होईल आणि माणूस कोसळेल.

परत येण्याची वाट कोणती, यावर शंभर वर्षांत मत बदलले आहे. १८९६ साली एका इंग्रज शरीरक्रियातज्ज्ञाने मांडले की रक्तातली प्रथिने पाणी ओढून धरतात. त्यावर पुढच्या पिढ्यांनी एक सुबक आकृती रचली : केशवाहिनीच्या धमनीकडच्या टोकाला द्रव बाहेर, शिरेकडच्या टोकाला बहुतेक सगळा आत आणि उरलेसुरले लसीकेच्या वाट्याला. आकृती इतकी नेटकी होती की ती पाठ्यपुस्तकांत पक्की बसली. पण प्रत्यक्ष मोजमापे हाती येऊ लागल्यावर बहुतेक ऊतींमध्ये शिरेकडच्या टोकाला असे शोषण टिकून राहतच नाही असे दिसले. आतडे आणि मूत्रपिंड यांसारखे अपवाद सोडले तर झिरपलेला द्रव परत नेण्याचे जवळजवळ सगळे काम लसीकाच करते. त्यातला बराच भाग वाटेतल्या लसीकाग्रंथींमध्ये रक्तात जातो, उरलेला मानेपर्यंत येतो. जुनी आकृती अजूनही छापली जाते, विद्यार्थी ती काढून गुणही मिळवतात. त्यामुळे लसीकासंस्था म्हणजे रक्ताभिसरणाची कुठलीशी जोडपुरवणी, हा समज डॉक्टरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांत मुरला, असे माझे मत आहे.

लसीकेला हृदय नाही. तिच्या सर्वांत बारीक वाहिन्या ऊतींमध्ये बंद टोकांनी सुरू होतात. भिंतीच्या पेशी कडांना एकमेकींवर सैल पडलेल्या असतात, त्यामुळे बाहेर दाब वाढला की द्रव आत शिरतो आणि आतला दाब वाढला की कडा मिटतात. पुढच्या वाहिन्यांत थोड्या थोड्या अंतरावर झडपा असतात आणि दोन झडपांमधला तुकडा आपला आपण आकुंचन पावतो. पोटरीचे स्नायू आणि श्वासाची हालचाल त्याला हातभार लावते. खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या, बांधातली मानस (पाणी सोडण्या-अडवण्याची दारे) ज्यांनी पाहिली आहे त्यांना या झडपांबद्दल फार सांगावे लागणार नाही. ओहोटीला शेतातले पाणी आपल्याच जोराने दारे लोटून खाडीत जाते, भरतीला खाडीचे पाणी त्याच दारांवर दाबून ती बंद करते. दार कुजले की काही दिवसांत खारे पाणी आत चढून शेत नापीक होते. पायात हेच होते. दोन्ही पाय, पोट आणि शरीराची डावी वरची बाजू यांची लसीका छातीतून वर जाणाऱ्या एका वाहिनीने मानेच्या डाव्या बाजूच्या शिरांच्या संगमात पडते. उजव्या वरच्या बाजूचा निचरा उजवीकडे वेगळा होतो. पायाच्या घोट्यापासून मानेपर्यंतची ही चढण त्या झडपांच्या भरवशावर चालते.

हत्तीरोगाचे पूर्ण वाढलेले कृमी नेमके याच वाहिन्यांत घर करतात. मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब, नर तिच्या निम्म्याहून लहान, आणि दोघे दोऱ्यासारखे बारीक. सोनोग्राफीत ते वळवळताना दिसतात. पुरुषांत बहुधा वृषणाजवळच्या वाहिन्यांत. ते जगतात पाच ते आठ वर्षे, आणि त्या काळात मादी लाखो जिवंत अळ्या सोडते. या अळ्या लसीकेबरोबर वर जातात, मानेतल्या संगमावर रक्तात पडतात, तिथून हृदयाच्या उजव्या बाजूला आणि पुढे फुप्फुसात. दिवसभर त्या फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत थांबतात. रात्री दहा ते दोनच्या सुमारास त्या मोठ्या संख्येने त्वचेजवळच्या रक्तात उतरतात, आणि त्यांना पुढे नेणारा क्युलेक्स डासही रात्रीच चावतो. १८८१ साली लंडनमध्ये एका रुग्णाला दिवसा झोपवून रात्री जागे ठेवले तर अळ्यांचेही वेळापत्रक उलटे झाले. त्यामुळे रात्रपाळी करणाऱ्या सुरक्षारक्षकाचे रक्त मध्यरात्री घेऊन निष्कर्ष काढताना जरा विचार करावा लागतो.

हल्ली दिवसाही करता येणारी पट्टी-चाचणी आहे. ती अळी शोधत नाही, मोठ्या कृमीचे अंश शोधते. पण कृमी मेल्यावरही ती काही काळ होकारार्थी येऊ शकते, त्यामुळे ‘या माणसाकडून डासाला आज लागण होईल का?’ या प्रश्नाला रात्रीची काचपट्टीच उत्तर देते.

दोन्ही प्रवाहांचा शोध युरोपात एकाच दशकात लागला आणि तरी ते परस्परांना अनोळखी राहिले. १६२२ साली इटलीतल्या एका शल्यविशारदाने नुकत्याच जेवलेल्या जिवंत कुत्र्याचे पोट उघडले तेव्हा आतड्याच्या पडद्यावर पांढऱ्या दोऱ्यांचे जाळे दिसले. आधी त्याला त्या मज्जातंतू वाटल्या. एक कापली तर दुधासारखा द्रव आला. या लसीकावाहिन्या होत्या. १६२८ साली इंग्लंडमधल्या एका वैद्याने हृदय दर ठोक्याला किती रक्त फेकते याचा हिशेब मांडून दाखवले की एवढे रक्त शरीर दररोज नव्याने बनवूच शकत नाही, ते फिरूनच यायला हवे. गंमत अशी की रक्त फिरते हे सांगणारा हा माणूस त्या पांढऱ्या वाहिन्यांना शेवटपर्यंत फारशी किंमत द्यायला तयार नव्हता. छातीतून मानेत जाणारी मुख्य वाहिनी १६५१ मध्ये फ्रान्समधून प्रसिद्ध झाली, आणि उरलेल्या शरीरभर असे जाळे आहे हे कोणी आधी पाहिले यावरून स्वीडन आणि डेन्मार्कच्या दोन शरीररचनाकारांत कडाक्याचे भांडण झाले. धमनी आणि शीर यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या बेडकाच्या फुप्फुसात दिसल्या १६६१ मध्ये.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यकाचे इथे दोन उल्लेख करावेत. हृदयातून रस सगळ्या शरीरात सतत फेकला जातो असे वर्णन आयुर्वेदाच्या संहितांत आहे. त्यावरून रक्ताभिसरण आपल्याकडे आधीच ठाऊक होते असे भाषणांत ठोकून दिले जाते. फेकलेला रस त्याच वाटांनी परत येतो, त्याचा हिशेब जुळतो, असे मात्र तिथे दाखवलेले नाही, आणि अभिसरण म्हणजे तेच. याउलट श्लीपदाबद्दल, म्हणजे हत्तीपायाबद्दल, त्या ग्रंथांनी जे म्हटले आहे त्याचा पुरेसा गवगवा होत नाही : जिथे जुने पाणी साचून राहते आणि सगळ्या ऋतूंत गारवा असतो अशा मुलखात हा रोग विशेष होतो. डास त्यांना माहीत नव्हता, पण पाण्याचे निदान अचूक होते.

गोव्याचा संबंध सोळाव्या शतकापासून येतो, आणि तो थोडा लाजिरवाणा आहे. १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी असलेल्या एका डच कारकुनाने मलबारातल्या मोठ्या पायांच्या लोकांची हकिकत लिहून ठेवली. संत थॉमसला ज्यांनी मारले त्यांच्या वंशजांना हा शाप आहे, असे तिथे सांगत. वंशाला शाप ही कल्पना युरोपात वाचली गेली आणि बरीच वर्षे टिकली. एका किनाऱ्यावर, एका पाणथळ पट्ट्यात घरोघर दिसणारा रोग रक्ताच्या नात्यावर ढकलणे सोपे होते.

राजधानीतल्या शाही इस्पितळात तेव्हा सर्वांत जास्त चालणारा उपचार होता शीर तोडून रक्त काढणे. १६४१ आणि १६४८ मध्ये गोव्यात येऊन गेलेल्या एका फ्रेंच जवाहिऱ्याने लिहिले आहे की वाईट रक्त निघत राहील तोवर तीस-चाळीस वेळासुद्धा शीर तोडत, आणि मग गेलेला रंग परत यावा म्हणून गोमूत्र पाजत. यकृतात रक्त सतत नव्याने तयार होते आणि अवयव ते संपवून टाकतात असे मानले तर हे तर्कशुद्धच होते. अभिसरणाचा हिशेब छापून वीस वर्षे होत आली होती, पण मांडवीच्या काठावर तो पोचला नव्हता. युरोपातही त्याने शीर तोडणे लगेच थांबले नाही, हे सांगायला हवे. पणजीत १८४२ मध्ये वैद्यकीय शाळा सुरू झाली तोवर सिद्धांत बदललेला होता. तिथून निघालेले डॉक्टर पोर्तुगालच्या आफ्रिकी वसाहतींत जाऊन काम करत राहिले.

हत्तीपायाचे कोडे सुटले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, तुकड्यातुकड्यांनी आणि जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत. १८६३ मध्ये पॅरिसमध्ये अंडवृद्धीच्या पाण्यात अळी दिसली, १८६६ मध्ये ब्राझीलमध्ये दुधाळ लघवीत, १८७२ मध्ये कोलकात्यात रक्तात, १८७६ मध्ये ऑस्ट्रेलियात मोठा कृमी. १८७७ मध्ये चीनच्या किनाऱ्यावर नोकरी करणाऱ्या एका स्कॉटिश डॉक्टरने बाधित माणसाला चावलेले डास फाडून पाहिले आणि अळी डासात वाढते हे सिद्ध केले. कीटकाच्या अंगात माणसाचा रोगजंतू वाढतो हे पहिल्यांदा कळले ते इथे, मलेरियाच्या वीस वर्षे आधी. रात्रीच्या वेळापत्रकाचा शोधही त्याचाच. पण डास एकदाच रक्त पितो आणि पाण्यात मरतो, त्या पाण्यातून लागण होते, असे तो बराच काळ धरून बसला. अळी डासाच्या सोंडेतून परत माणसात जाते हे १९०० साली कळले. दिवसा अळ्या कुठे असतात हेही त्यानेच दाखवले : सकाळी आत्महत्या केलेल्या एका बाधित माणसाच्या शवविच्छेदनात त्या फुप्फुसात खच्चून सापडल्या.

१९४७ मध्ये डायइथाइलकार्बामझिन हे औषध आले. आपल्याकडे ते हेट्राझान म्हणून ठाऊक आहे, डीईसी म्हणूनही. स्वस्त, तोंडाने घ्यायचे, रक्तातल्या अळ्या झपाट्याने मारणारे. इथून खरा वाद सुरू होतो.

गोळी कुणाला द्यायची? ज्याच्या रक्तात अळी सापडली त्याला, की सगळ्यांना?

वरवर पाहता उत्तर उघड आहे : रोग्याला. पण अळी असलेल्या बहुसंख्य माणसांना काहीच त्रास नसतो. पाय सुजलेल्या माणसाच्या रक्तात अनेकदा अळी सापडतच नाही, कारण तोवर कृमी मेलेले असतात किंवा त्यांची वाट बंद झालेली असते. डासाला लागण देणारा आणि ज्याला आपण रोगी म्हणतो तो, हे दोघे वेगळेच निघतात. त्यातून वीस मायक्रोलिटरमध्ये कमी संख्येच्या अळ्या सहज हुकतात. म्हणून सगळ्या गावाला गोळी, हा विचार आला.

राष्ट्रीय कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला तेव्हाही सामूहिक गोळ्यांनीच सुरुवात झाली होती. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. पाच दिवस लागोपाठ गोळ्या घ्यायच्या होत्या. ज्यांच्या अंगात अळ्या होत्या त्यांना त्या मरताना ताप, डोकेदुखी, मळमळ होऊ लागली. ज्यांच्या अंगात नव्हत्या त्यांना आपण का घ्यायच्या हे कळेना. लोकांनी गोळ्या टाकून दिल्या. १९६० च्या आढाव्यात ही पद्धत मोडीत काढली गेली आणि कार्यक्रम शहरांतल्या डासांच्या अळ्या मारण्यावर, तसेच रात्री रक्त तपासून सापडलेल्यांना बारा दिवसांचा उपचार देण्यावर आला. गोवा भारतात आल्यावर इथेही हेच चालले.

चाळीस वर्षांनी तीच कल्पना दुसऱ्या वेषात परतली. वर्षातून एकच मात्रा दिली तरी अळ्या बराच काळ दबून राहतात, असे मधल्या काळातल्या चाचण्यांत दिसले होते. कृमीचे आयुष्य पाच-सहा वर्षांचे धरले तर तितकी वर्षे सलग, निदान ६५ टक्के लोकांनी मात्रा घेतली की साखळी तुटेल, असे गणित होते. १९९७ मध्ये जागतिक पातळीवर निर्मूलनाचा ठराव झाला. २००४ मध्ये देशातल्या वीस राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत मोहीम सुरू झाली, त्यात गोव्याचे तेव्हाचे दोन्ही जिल्हे होते. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला शंभर मिलिग्रॅम, सहा ते चौदाला दोनशे, पंधराच्या पुढे तीनशे. दोन वर्षांखालची मुले, गरोदर बायका आणि खूप आजारी माणसे वगळून. २००७ पासून त्यात जंताची अल्बेंडाझोल गोळी जोडली गेली.

आक्षेप घेणारे गप्प बसले नाहीत. निरोगी माणसाला त्याच्या हितासाठी नव्हे तर शेजाऱ्याच्या हितासाठी औषध द्यायचे असेल तर त्याला तसे स्पष्ट सांगून विचारायला हवे, हा पहिला. अल्बेंडाझोल जोडून हत्तीरोगावर नेमका किती फरक पडतो याचा पुरावा कमकुवत आहे, हा दुसरा. त्याच्या समर्थकांचे उत्तर असे की आतड्यातले जंत तरी जातात आणि म्हणून लोक गोळी आनंदाने घेतात. तिसरा आक्षेप आकड्यांबद्दलचा : गोळ्या किती वाटल्या याची नोंद होते, किती गिळल्या याची नाही. दारात आलेल्या कार्यकर्तीकडून गोळ्या घेऊन त्या फ्रिजवर ठेवल्या तरी कागदावर ते घर पुरे झालेले असते. पुढे ‘समोर गिळायला लावा’ असा आदेश निघाला, तो या अनुभवातूनच.

मधला एक मार्ग होता आणि तो चीनने वापरला : रोजच्या मिठात औषध मिसळणे. प्रमाण इतके थोडे की ताप येत नाही, आणि गोळी गिळायला कुणाच्या मागे लागावे लागत नाही. चीनने २००७ मध्ये हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवला. भारतात लक्षद्वीपसारख्या ठिकाणी हा प्रयोग झाला, पण देशभर तो उचलला गेला नाही. मीठ कोण बनवतो, कुठून येते, साधे मीठ शेजारच्या दुकानात मिळत असेल तर काय, हे प्रश्न खरे आहेत. आगरांतून मीठ काढणाऱ्या गोव्यात त्यावर निदान चर्चा व्हायला हवी होती.

माझा कल या वादात लपलेला नाही. गोळीने साखळी तुटते, हे अनेक जिल्ह्यांनी दाखवले आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. गोव्यात सामूहिक मोहीम थांबली आणि काम पाहणीवर आले, हेही त्याचेच फळ. पण गोळीच्या आकड्यांनी दोन गोष्टी झाकल्या जातात. पहिली म्हणजे गटार. क्युलेक्स डास घाण, साचलेल्या पाण्यात वाढतो : उघडी गटारे, गळक्या सेप्टिक टाक्या, झाकण नसलेले सोकपीट. पणजीतल्या सांतिनेजच्या खाडीची अवस्था ज्यांनी पाहिली आहे त्यांना डासांची पैदास कुठे होते हे दाखवायला नकाशा लागत नाही. पाहणीत अळी सापडली की बातमी परराज्यातल्या मजुरावर संपते. अळी बाहेरून आली असेलही. डास आपल्याच गटारातला आहे. डासाच्या अंगात अळीची संख्या वाढत नाही, एका माणसाला खरीखुरी लागण व्हायला लागण झालेल्या डासांचे शेकडो, कधी हजारो चावे लागतात. म्हणजे हा रोग टिकतो तोच मुळी रोज रात्री भरपूर डास चावणाऱ्या वस्तीत. मजुराच्या खोपटाशेजारी साचलेले पाणी ठेकेदाराचे असते, पण रक्त मजुराचे घेतले जाते आणि आरोग्य कार्डही त्याचेच अडते.

दुसरी झाकलेली गोष्ट म्हणजे ज्यांचे पाय आधीच सुजले आहेत ती माणसे. सामूहिक गोळीने त्यांचा पाय उतरत नाही. तिथे झालेले नुकसान गोळीच्या आवाक्यातले नसते. कृमींच्या वास्तव्याने वाहिन्या फुगतात, झडपांची दारे एकमेकांना टेकेनाशी होतात आणि लसीका खाली घसरते. प्रथिनांनी भरलेला द्रव ऊतींत साचतो, कातडी जाड होते. त्यानंतर मुख्य शत्रू कृमी राहत नाही. बोटांच्या बेचक्यांतल्या भेगांतून साधे जीवाणू आत शिरतात, मांडीपर्यंत लाल रेघ चढते, थंडी वाजून ताप येतो, जांघेत गाठ दुखते. असा प्रत्येक झटका आणखी काही वाहिन्या बंद करून जातो आणि पाय आणखी जाड करून सोडतो. हे झटके डासामुळे येत नाहीत, बेचक्यांतल्या ओलीमुळे येतात. शेतात, मासळीबाजारात, पाण्यात उभे राहून काम करणाऱ्यांना ते जास्त.

ही समजूत यायला विसाव्या शतकाचा शेवट उजाडला. तोवर हत्तीपाय म्हणजे कृमी आणि कृमी म्हणजे हेट्राझान, एवढेच समीकरण होते. वर्षानुवर्षे सुजलेल्या पायांच्या माणसांना त्याच गोळ्यांचे कोर्स लिहून दिले गेले. लसीकासंस्थेला दुय्यम मानण्याची किंमत इथे दिसते. झडप मोडली आहे आणि निचरा बंद आहे, हे एकदा मान्य केले की उपाय वेगळे सुचतात : पाय रोज धुणे, बेचके कोरडे ठेवणे, भेगेला मलम, पाय उंच ठेवून झोपणे, पोटरी हलवणारा व्यायाम, दाबपट्टी.

लसीकेकडे नव्याने पाहण्याची सवय मग इतर दिशांनीही पसरली. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढून टाकणे हा एकेकाळी नियम होता आणि त्यापायी कित्येक बायकांचे हात जन्मभर सुजलेले राहिले. १९९० च्या दशकापासून आधी पहिलीच ग्रंथी तपासून मग ठरवतात. मेंदूत लसीकावाहिन्या नसतात हे पक्के मानले जात होते. २०१५ मध्ये उंदरांत, मेंदूच्या आवरणांत त्या सापडल्या. सूज अजून मऊ असेल तर एक मिलिमीटरहून बारीक लसीकावाहिनी शेजारच्या शिरेला सूक्ष्मदर्शकाखाली जोडून देण्याची शस्त्रक्रियाही होते. मानेत व्हायचा संगम अशा प्रकारे पायातच घडवून आणतात. कातडी दगडासारखी झालेल्या जुन्या पायाला तिचा फारसा उपयोग होत नाही. पुरुषांतल्या अंडवृद्धीची शस्त्रक्रिया मात्र सोपी आणि टिकाऊ गुण देणारी आहे. तिथे अडचण असते ती संकोचाची.

निर्मूलनाची तारीख देशात २०१५ होती, मग ती पुढे सरकत गेली आणि आता २०२७ सांगितली जाते. मोहीम थांबलेल्या जिल्ह्यांत सहा-सात वर्षांच्या मुलांची पट्टी-चाचणी घेतात. ती मुले मोहिमेच्या काळात किंवा तिच्यानंतर जन्मलेली, त्यामुळे त्यांच्यात लागण दिसली तर ती ताजी. या चाचणीत उत्तीर्ण झाल्याचा दाखला जिल्ह्याला मिळतो. आधीच्या पायांची मोजणी वेगळ्या वहीत चालते. त्या वहीत नाव असलेल्याला प्लास्टिकचा टब, मग, साबण, टॉवेल आणि बुरशीवरचे मलम असे साहित्य द्यायचे असते, आणि ते वापरायचे कसे हे एकदा तरी घरी जाऊन, पाय पाण्यात ठेवून, बोट बोटापासून वेगळे करून दाखवायचे असते. साहित्य पोचते त्यामानाने हे दाखवणे कमी होते.